पंखा बंद, मीटिंग चालू

वडील जाऊन सहा दिवस झाले होते. वेदिका लॅपटॉपसमोर बसली होती आणि पुण्याच्या ऑफिसला वाटत होतं की तिला ताप आहे. तसं तिनेच कळवलं होतं. नोकरी अजून कच्ची होती. शिवाय मेसेज लिहिताना 'वडील' हा शब्द काही केल्या उमटेना. 'ताप' मात्र एका दमात उमटला. नंतर ते दुरुस्त करायची लाज वाटली, आणि ती रोज वाढतच गेली.

आज जर्मन क्लायंट केलरबाईंपुढे तक्ता मांडायचा होता: चार देशांतले कामाचे तास, मजुरी, सुट्ट्या. नेट फक्त मधल्या खोलीत नीट चाले. तिथेच वडिलांचा, मधुसूदनरावांचा, हार घातलेला फोटो आणि त्यापुढे दिवा. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद. मे महिन्यातलं नागपूर! वेदिकेने स्क्रीनवर मागची भिंत धूसर केली, पण घाम धूसर होईना.

"चेहरा बघ तुझा! ताप उतरला नाही वाटतं?" मॅनेजर सुरुचीने विचारलं.

"आहे थोडा," वेदिका म्हणाली. फोटोकडे पाठ होती, हे त्यातल्या त्यात बरं.

मधुसूदनराव जन्मभर कामगार कार्यालयात कारकून होते. परदेशातून कुणी आला की पाण्याचा पेला हातात देतानाच ते विचारत, "तिकडे सुट्टी पगारी का बिनपगारी?" त्यामुळे बाहेरच्या खोलीत भेटायला आलेल्यांचा विषय आपोआप तिकडेच वळला होता.

"दुबईत बारा तास ड्यूटी, मामा," तिथून आलेला आतेभाऊ रोहित सांगत होता.

"अन् ओव्हरटाइम?" हे धाकटे वामनकाका, बुटीबोरीच्या मिलमधले जुने फिटर.

"त्यातच धरतात."

"मंग थे बुटीबोरीच झाली ना गा! विमानाचं तिकीट काहून काढलं फुकट?"

हसण्याचा आवाज आत आला. केलरबाईंच्या भुवया वर गेल्या. "टीव्ही आहे," वेदिकेने सांगितलं, माइक बंद केला आणि दारातून कुजबुजली, "काका, जरा हळू. जर्मनीशी मीटिंग आहे."

हीच चूक झाली.

"जर्मनी?" काका तिच्यामागोमाग आत आले. वेदिका माइक चालू करते तोच ते बनियनवर स्क्रीनमध्ये शिरले, हात जोडले आणि मिलमधल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, बाप मेला तर तुमच्याकडे किती सुट्टी?"

केलरबाई गोंधळल्या, पण प्रश्न तक्त्यातलाच होता. "दोन दिवस. पगारी."

"दोनच?" काकांना जर्मनीची दया आली. मग ते आपल्या बोलीवर आले. "तरी बरं. आमच्या पोरीले तर एकही नाही भेटली. बाप जाऊन सहा दिवस झाले, अन् काम करून राहिली बिचारी!"

केलरबाईंना हे कळलं नाही. सुरुचीला कळलं. केलरबाईंनाही कळावं म्हणून काकांनी फोटो उचलून कॅमेऱ्यापुढे धरला. झेंडूचा हार अगदी स्पष्ट दिसला.

"ताप?" सुरुचीने एवढंच विचारलं.

वेदिकेने मान खाली घातली. केलरबाईंनी पेन खाली ठेवलं. तक्ता थांबू शकतो, म्हणाल्या. आणि तुमच्याकडे सुट्टी किती, असं सुरुचीला विचारलं.

"आमच्याकडे... मागितली की देतो," सुरुची म्हणाली आणि तिलाही घाम फुटला. तिच्याकडे तर एसी होता.

वेदिका बाहेर आली. आपल्या गप्पांनी पोरीची नोकरी गेली, असं तिथल्या सगळ्यांना वाटत होतं. काका तर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तेरवीपर्यंत सुट्टी मिळाली," ती म्हणाली.

कोपऱ्यात तिची आई, यमुताई, बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली.

"पगारी का बिनपगारी?"

"ते विचारलंच नाही, आई."

"त्यांची पोरगी तू," यमुताई म्हणाल्या, "अन् तेवढंच विसरली?"

वेदिकेला इतकी लाज वाटली की हसू आलं. आणि ते हसू पुरतं ओठांवर यायच्या आत, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती रडली.