मनकर्णाबाईचं माप

मोबाइलवर विकायला दिसलेल्या त्या जुन्या पैशाची किंमत साडेनऊ हजार रुपये होती, आणि उकंडराव तो घ्यायचाच म्हणून अडून बसले होते. जाड तांब्याचा, कंपनी सरकारच्या काळातला, एका अंगाला दोन सिंह. मनकर्णाबाईच्या तराजूला बांधलेला होता तो अगदी अस्साच.

सून वैजयंतीनं फोटो बोटांनी मोठा करून दाखवला. मुलगा पवन हिशेब सांगत होता की एवढ्या पैशांत विहिरीवरची जळालेली मोटार भरून होते आणि वर एक लाइटीचा वजनकाटाही येतो. शिवाय पुढचा माणूस पैसे घेऊन पसार झाला तर पोलिसांना काय सांगायचं, म्हाताऱ्यानं तांब्याचा पैसा मागवला होता म्हणून? उकंडरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वैजयंतीला विचारलं, "याले भोक पाडता येईन ना?"

उकंडरावांची बायको मनकर्णाबाई चैत्रात गेली. तीस वर्षं या घराची अशी वाटणी होती की भाजी उकंडराव पिकवायचे आणि मालेगावच्या बाजारात ती विकायची. तराजूला त्यांनी कधी हात लावला नाही. वजनाच्या पारड्याच्या साखळीला तिनं तो पैसा काळ्या दोऱ्यात बांधला होता. तिच्या आईनं शिरपूरला तिच्या गळ्यात घातलेला, माहेरची एवढीच काय ती दौलत. बायका भाजी घेताना त्या पैशाला हात लावून कपाळाला लावायच्या. मनकर्णाबाईच्या हाताला बरकत आहे आणि तिचं माप खरं आहे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती गेली त्या दिवशी उकंडरावांनी दोरा सोडवला आणि पैसा तिच्या मुठीत ठेवला. तिचा होता, तिच्यासोबत जाऊ दे, असं म्हणाले. पुढे तो राखेबरोबर नदीत गेला. आयुष्यात आपण एक तरी काम शहाणपणाचं केलं, असं त्यांना त्या रडारडीतही वाटून गेलं. आणि नेमकं तिथूनच सगळं बिघडलं.

महिन्याभरानं ते स्वतः तराजू घेऊन बाजारात बसले. पहिलं गिऱ्हाईक सोनीबाई. ही बाई कुणाकडून काहीही आणलं की आधी भाच्याच्या दुकानातल्या लाइटीच्या काट्यावर ठेवते. भंडाऱ्याचा प्रसादही तिनं एकदा मोजला होता. अर्धा किलो भेंडी घेऊन गेली आणि दहा मिनिटांत परत आली. काट्यावर चारशे सत्त्याऐंशी भरले होते. तिनं भांडण केलं नाही. पिशवी पुढे धरून ती एवढंच बोलली, "उकंडभाऊ, मनकर्णा असती तं असं झालं नसतं."

उकंडरावांना ते फार लागलं. त्यांनी मूठभर भेंडी वर टाकली, पण बोलणं त्यांच्याआधी बाजारभर फिरून आलं होतं. घरी येऊन त्यांनी तराजू खुंटीला टांगला. रिकामा तराजू अगदी सरळ राहिला. मग अर्ध्या किलोचं वजन टाकून भेंडी तोलली, वैजयंतीनं तीच भेंडी गावातल्या दुकानात नेऊन मोजली, तर पुन्हा तेरा ग्रॅम कमी. उकंडराव ओसरीवर बसून राहिले.

"रिकामा सरळ राह्यते, भरला का खोटा होते," ते म्हणाले. "त्याले माहा हात चालून नाई राह्यला. त्याले तिची सवय हाये."

पवन म्हणाला, तेवढ्या वजनाचा खडा बांधा. बांधला. तो पहिल्याच बाजारात दोऱ्यातून निसटून कुणाच्या तरी वांग्यांत घरी गेला. मग मोटारीचा एक बोल्ट बांधला. त्यावर तर कहरच झाला. तीस वर्षं ज्या जागेला बाया हात जोडत होत्या, त्याच जागी बोल्ट दिसल्यावर त्याच बाया म्हणू लागल्या की म्हातारी गेली आणि म्हातारा चोरी करायला लागला. दुपारपर्यंत निम्मी भाजी सुकून गेली. उकंडरावांनी बोल्ट काढून खिशात टाकला आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पैसाच पाहिजे, आणि तसाच पाहिजे.

वैजयंतीनं शोधून काढला. सासूची आठवण तिलाही येत होती, म्हणून ती नवऱ्याला न जुमानता सासऱ्यांच्या बाजूनं होती. पण ती हिशेबी बाई. तिचं म्हणणं पडलं की पैसा नेमका किती ग्रॅमचा लागतो ते आधी पक्कं करू, मग बटण दाबू. साडेनऊ हजार घालून तो कमी भरला तर त्याला काय दिवा लावायचा?

म्हणून सासरा आणि सून तराजू आणि वजनं घेऊन मालेगावला रतनसिंगकडे गेले. रतनसिंग काटे-वजनं दुरुस्त करतो. त्यानं तराजू टांगला, दांडी पाहिली, पारडी अदलाबदल करून पाहिली. तराजूत काडीचा दोष नव्हता. मग त्यानं एकेक वजन हातात घेतलं. किलोचं बरोबर, पावशेराचं बरोबर. अर्ध्या किलोचं त्यानं उलटं केलं आणि दुकानाच्या उजेडात धरलं.

"याच्या बुडातलं शिसं कोनं तरी कोरून काहाडलं, काका," तो म्हणाला. "लय जुनं काम हाये. खिळ्यानं केलेलं दिसते."

वैजयंतीनं उकंडरावांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

खिळा त्यांचाच होता. तीस वर्षांपूर्वी मनकर्णाबाई माहेरी गेली असताना गोठ्यामागे बसून त्यांनी ते शिसं कोरलं होतं. बाजारात जास्त गिऱ्हाईक अर्ध्या किलोचं, म्हणून फक्त तेवढंच वजन. आपल्या हुशारीवर ते बरेच दिवस खूश होते. ती परत आली, आणि पुढच्याच बाजाराला निघताना तिनं गळ्यातला पैसा काढून साखळीला बांधला. कायले बांधतेस, असं त्यांनी विचारलं होतं. "नजर लागते म्हून," ती म्हणाली होती. हिला काही कळलं नाही, म्हणून त्यांना तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं.

आता त्यांना हेही आठवलं की दरवर्षी वजनं तपासून सरकारी शिक्का मारायला न्यायची वेळ आली की ती शेजारच्या भागिरथाचं अर्ध्या किलोचं वजन मागून न्यायची. आपलं सापडत नाही म्हणायची. ती तूट पैशानं न भागवता तिनं शिसं भरून घेतलं असतं, तर तिला सगळं कळलं हे नवऱ्याला कळलं असतं. तेवढं त्याला कळू नये म्हणून ती तीस वर्षं हातात तराजू धरून बसली, आणि नवऱ्यानं तिचा पैसा तिच्याच मुठीत देऊन तिला पाठवून दिलं. उकंडरावांनी तिथंच, रतनसिंगच्या बाकावर, उपरण्यानं डोळे पुसले.

रतनसिंगनं शिसं भरायचे साठ रुपये सांगितले. वैजयंतीनं मोबाइल पुढे केला. पैसा अजून तिथंच होता, दोन्ही सिंहांसकट.

"मामाजी, काय करू? घेऊ?"

"नको," उकंडराव म्हणाले. "शिसं भरू दे. तिले लय वर्सं काम लावलं म्या."

पुढच्या बाजारी तराजू चोख होता. सोनीबाई आली, या खेपेला किलोभर भेंडी घेऊन गेली आणि रिवाजाप्रमाणे दहा मिनिटांत परत आली. उकंडराव छाती काढून बसले होते. किती भरले, त्यांनी विचारलं.

"हजार," सोनीबाई पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली. "पन मनकर्णाच्या हातचा किलो एक हजार तेरा भरायचा. दर बाजारी. तुमी बराबर देता, भाऊ, पन तिचं माप येगळं होतं."

किलोच्या वजनाचं शिसं तर उकंडरावांनी कधी कोरलंच नव्हतं. पैसा मात्र त्याच्याही वर तसाच लटकत होता. म्हणजे त्यांच्या एका खिळ्यापायी तीस वर्षं सगळ्या बाजाराला फुकट भाजी गेली होती. त्यांना हसू आलं.

"हो," ते म्हणाले. "तिचं येगळंच होतं."

त्यांनी ढिगातली एक भेंडी उचलून सोनीबाईच्या पिशवीत टाकली. मग मागच्या बाईच्या पिशवीतही एक टाकली.