सीटखालची करकर

नगराध्यक्ष मागच्या दारानं सटकले, तेव्हाच मी ठरवलं, की सायकलची करकर बंद करायची. रस्त्याच्या कंत्राटाबद्दल मला त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता. पण मी फाटकाशी पोचायच्या आत माझी सायकल 'कर्रर्र-कट, कर्रर्र-कट' करत वर्दी देऊन मोकळी झाली. शिपाई तोंडभर हसून म्हणाला, "साहेब आत्ताच गेले. तुमची सायकल वळणावरच ऐकू आली ना!"

मी शोधपत्रकार आहे. (ही पदवी मला मीच दिली. दुसरं कोणी देण्याची लक्षणं दिसेनात.) ज्यानं भल्याभल्यांची अंडीपिल्ली बाहेर काढली, त्याला एक करकर सापडू नये?

पहिला संशय चेनवर. काळी, तेलकट, सगळा कारभार तिच्याभोवती फिरणारा; आणखी काय पुरावा हवा? व्हरांड्यात सायकल उलटी करून मी तिच्यावर तेलाची अख्खी बाटली रिकामी केली आणि हाताला लागलेल्या कापडानं हात पुसले.

"अहो, ती उशीची खोळ आहे!" बायको इस्त्री हातात घेऊनच बाहेर आली. "आत्ता इस्त्री केलेली!"

"सत्याच्या शोधात थोडं नुकसान व्हायचंच."

"मग तुमच्या शर्टाचं होऊ द्या. आणि दुकानात का देत नाही ती सायकल?"

"दुकानदार यात सामील नसेल कशावरून?"

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. (माझ्या कित्येक मुलाखती अशाच संपल्या आहेत.)

चेन निर्दोष निघाली. मी तिचा खुलासा छापला नाही, सरळ पेडलांकडे वळलो. दोन्ही पेडलं पाना लावून एकाच दिशेनं जोर करून फिरवली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला भर चौकात कळलं. पेडल माझ्या बुटाबरोबर पुढे आलं आणि सायकल मागे राहिली. उरलेल्या एका पेडलवर, लंगडीतल्या पोरासारखा मी घरी आलो आणि गुपचूप ते उलट्या दिशेनं फिरवून बसवलं.

छडा लागला तो दुसऱ्या दिवशी, चढावर. पाय भरून आले म्हणून मी सीटवरून उठून उभ्यानं पेडल मारायला लागलो आणि आवाज थांबला. बसलो, कर्रर्र. उठलो, गप्प. साऱ्या गावावर संशय घेत हिंडलो आणि आरोपी माझ्याच बुडाखाली! घरी येऊन सीटचा दांडा नळीतून उपसला, गंज घासून काढला, ग्रीस लावून परत बसवला.

त्या संध्याकाळी मी कचेरीतून निघालो आणि सायकलला आवाजच नव्हता. रस्ता आपणहून मागे सरकतोय आणि मी नुसता बसलोय, असं वाटत होतं. झाडांच्या लांब सावल्या चाकांखालून पाण्यासारख्या वाहत होत्या. एक मांजर रस्त्यात बसलं होतं; मी शेजारून गेलो तरी त्यानं कान हलवला नाही. मला क्षणभर शंका आली, आपण आहोत ना?

असाच तरंगत घराच्या खिडकीशी पोचलो आणि आतून गाणं ऐकू आलं.

रेडिओ नव्हता. बायको गात होती. शब्द नव्हते, नुसता एक संथ सूर. इस्त्री पुढे गेली की लांबायचा, मागे आली की हळूच वळायचा. आमच्या लग्नाला जन्म लोटला, पण ही बाई गाते याचा मला पत्ता नव्हता. असणार कसा? वळणावर करकर झाली की ती थांबत असणार! दोन्ही हातांनी हँडल धरून मी तिथेच उभा राहिलो. ऊन मानेवर होतं, गरम कापडाचा वास येत होता. दार वाजवलं तर सूर तुटणार, म्हणून गाणं आपोआप संपेपर्यंत हललो नाही.

मग रोजचंच झालं. नगराध्यक्ष आता समोर सापडत होते, पण मीच घाईत असायचो. आयुष्यात पहिल्यांदा अशी बातमी हाती लागली होती, जी छापावीशी वाटत नव्हती. भीती एकच. तिला कळलं, तर गाणं बंद.

शेवटी बातमीदाराची खोड गेली नाही. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कधी गात का नाहीस गं?"

"का? खिडकीतून नीट ऐकू येत नाही का?"

"तुला... कसं कळलं?"

"अहो, ऊन तुमच्या पाठीशी असतं. रोज समोरच्या भिंतीवर तुमची सावली पडते. सायकलसकट."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला भरून आलं. म्हणजे ती माझ्यासाठी गात होती! "मग थांबली का नाहीस?"

"कशी थांबणार?" तिनं भाजी वाढली. "लग्न झाल्यापासून तुम्हाला इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, गाणं थांबवलं तर आत याल आणि बोलायला लागाल."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. ती गुणगुणायला लागली.

मी मिटलं.