सगळ्याच गाड्या वाजत होत्या

चाक खड्ड्यात उतरताना आवाज येत नसे, वर चढताना येई. तोही फक्त पुढच्या डाव्या बाजूने, कोरडा आणि एकदाच. शेजारी बसून कुणी शांतपणे एक बोट मोडावं, तसा. नवऱ्याला हे बारकाईने सांगितलं, तर तो म्हणाला, "गाडी आहे, वाजणारच. गॅरेजला दे."

गॅरेजला का म्हणून? मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जिला ग्लासभर पाण्यात लपलेला क्षार सापडतो, तिला एवढ्या थोरल्या गाडीतला आवाज सापडू नये? रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत, सस्पेन्शनचा कुठला सांधा सैल झालाय ते सांगते, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

नवरा पेपरामागे अदृश्य झाला. सासूबाईंनी मात्र बाह्या सरसावल्या. "चल. काय धरायचंय?"

हे त्यांचं पहिल्यापासूनचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी मिक्सर उघडून बसले होते, तेव्हा "अगं, हा स्क्रू ड्रायव्हर लहान पडेल, मोठा देते" म्हणणारी सासू मला मिळाली. पदवी मी अभ्यास करून मिळवली. ही सासू आयती मिळाली, आणि दोन्हींत मोठी प्राप्ती कुठली याबद्दल मला शंका नाही.

त्यांचं एकच दुखणं होतं, उजवा गुडघा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलं होतं. पण आधी उन्हाळा संपायचा होता, मग पाहुणे यायचे होते, मग पाहुणे जायचे होते. शेवटी "तो आपोआप बरा झालाय" असं सांगून त्यांनी तो विषयच मिटवला. आम्हीही विचारायचं सोडलं होतं.

पार्किंगमध्ये मी कृती समजावली. त्यांनी चाकावरच्या पत्र्यावर हात टेकून गाडी खाली दाबायची आणि सोडायची. मी चाकाशी फतकल मारून बसायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सांध्याला लावायचं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसं.

"दाबा."

टक्.

इतका स्पष्ट, की मी दचकलेच.

"ऐकलंत?"

सासूबाई जरा थांबल्या. "ऐकलं बाई."

"सांधा झिजलाय. पार झिजलाय."

"नुसत्या आवाजावरून कळतं?"

"म्हणजे काय. बदलावाच लागणार."

"थोडे दिवस ढकलता नाही येणार?"

"आई, झिजलेला सांधा कधी आपोआप बरा होत नाही."

त्यांनी हातांची धूळ झटकली.

खात्री म्हणून उजवी बाजू पाहिली. टक्. मागच्या बाजूने तर आजवर कधी आवाज आला नव्हता. तिथेही टक्. गाडी जागोजागी खिळखिळी झाली होती आणि इतके दिवस आम्ही तीत बसून हिंडत होतो. (खरा दोष पुढे निघाला तो एका दांड्याला धरून ठेवणाऱ्या, चिरलेल्या रबरात. पण ही गोष्ट त्या रबराची नाही.)

"आता पुरे करू या का?" सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"एकच राहिलंय. तुलनेला एक निर्दोष गाडी हवी."

निर्दोष गाडी शेजारीच होती. निवृत्त हेडसर आपल्या गाडीवर स्वतःपेक्षा चांगलं पांघरूण घालत. आता ते मुलीकडे राहायला निघाले होते, आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी त्याच सकाळी गाडी न्यायला यायचा होता. परक्याच्या हाती ती जाणार नाही, एवढंच त्यांना समाधान होतं.

"दाबा वहिनी, मनसोक्त दाबा," ते म्हणाले. "माझ्या गाडीने आजवर ब्र काढलेला नाही."

टक्.

हेडसरांचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा झाला. "पुन्हा."

टक्.

"वहिनी, तुमचा हात जड आहे का?"

"नाही हो. जपूनच दाबतेय मी," सासूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात विद्यार्थी आला. चष्मा, डोक्याला टक्कल, आता स्वतःच मास्तर. "सर, किल्ली न्यायला आलोय."

"गाडी द्यायची नाही. सदोष आहे."

"चालेल सर."

"तुला चालेल, मला नाही चालणार. तुझ्या घरात लहान मुलं आहेत."

"मी दुरुस्त करून घेईन ना."

"शाळेत मी तुम्हाला काय शिकवलं?"

"शुद्धलेखन, सर."

"आणखी?"

विद्यार्थी आठवू लागला. शेवटी त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. "ताई, खरंच इतकं वाईट आहे?"

मी जड मनाने मान हलवली. विज्ञानाला भिडस्त राहून चालत नाही. हेडसर आजाऱ्याला पांघरूण घालावं तसं गाडीला पांघरूण घालू लागले. विद्यार्थी पाय ओढत फाटकाकडे निघाला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या गाडीपासून लांब, पार्किंगच्या मधोमध मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. आसपास ना चाक, ना पत्रा. कमरेवर हात ठेवून त्या गुडघ्यात वाकल्या.

टक्.

"परत करा बघू," हेडसर म्हणाले.

टक्.

"गाड्या ठणठणीत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "वाजतोय तो हा."

मी बाजू बदलली होती, चाक बदललं होतं, गाडीसुद्धा बदलली होती. दाबणारं माणूस तेवढं बदललं नव्हतं. आणि मी जमिनीवर बसले की माझा कान आणि त्यांचा गुडघा यांत वीतभरही अंतर उरत नव्हतं. त्याच गुडघ्यावर मी त्यांना सकाळभर वाकवत होते.

विद्यार्थ्याने येऊन स्वतः एकदा गाडी दाबली. ती गप्प. हेडसरांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली, आणि ती बराच वेळ सोडली नाही.

"आई, बोलला का नाहीत?"

"पहिल्या वेळेलाच बोलणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, बदलावाच लागणार." त्या गुडघा चोळत होत्या. "वाटलं, आपल्या गाडीवर निभावून जाईल. सरांचं अडायला लागलं, मग नाही राहवलं."

"पण इतकं टाळायचं कशाला?"

"मी पलंगावर पडले, तर तुला हे धर, ते धर करायला कोण आहे? तो?"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हटलं, "तेवढे दिवस मी तुम्हाला धरेन."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि सगळा भार टाकला. पहिल्यांदाच. इतका विश्वास कुणी टाकावा असं त्या सकाळी माझ्याकडे काहीही नव्हतं.

एवढ्यात पेपराची घडी काखेत मारून नवरा खाली आला. "काय, सापडला का दोष?"

"सापडला," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना फोन लाव. सांग, मी ऑपरेशन करून घेतेय. आणि न्यायला टॅक्सी बोलाव. हिच्या गाडीचं निदान अजून व्हायचंय."