तिसरी थाप

मनगटी पट्ट्याने शाबासकी कशी द्यावी, या प्रश्नावर दादांनी सात महिने घालवले होते. पट्टा बांधलेल्या माणसाने दिवसाची पावलं पुरी केली, की आतल्या इवल्याशा मोटरने मनगटावर अशी थरथर करायची, की कुणीतरी पाठ थोपटल्यासारखं वाटावं. दादांनी एकतीस थरथरी बनवल्या. त्या तपासायला येणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंनी एकतिसांनाही शेरे दिले. ‘मुंगी चावली’, ‘नळाला हवा आली’, आणि शेवटच्या थरथरीला नुसतंच ‘अरे देवा’.

शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा, सदा हसतमुख, म्हणून सगळे त्याला हसराच म्हणत. दादांहून नऊ वर्षांनी लहान, आणि त्याच्या पायावर कुणी पाय दिला तरी उलट “तुम्हाला लागलं नाही ना?” असं विचारणारा. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, म्हणून दादा त्याच्यावर नुसते जळत. खिडकीजवळची जागा दादा पाच वर्षं मागत होते. ती गेल्या महिन्यात हसऱ्याला न मागता मिळाली, तेव्हा सगळ्यांत आधी उठून दादांनीच त्याची पाठ थोपटली होती. मनातलं लपवायचं तर माणसाला घाई करावी लागते.

आणि आता हसऱ्याने पहिल्याच फटक्यात एक थरथर बनवून आणली. मास्तरीणबाई पट्टा बांधून खोलीत फेऱ्या मारू लागल्या. थप, थप, आणि जरा थांबून, थप्प! बाईंचे डोळे भरून आले.

“अगदी माणसाचा हात! आम्ही घर बांधलं ना, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी अशीच पाठ थोपटली होती.”

“झालं, हीच घ्यायची,” विभागाच्या मॅडम म्हणाल्या. “दादा, तुमचं थांबवा आता. सोमवारी पट्टा कारखान्यात जाईल, याच्या नावाने.”

दादांनी नमुन्याचा पट्टा ‘बारकाईने तपासायला’ घरी नेला. बारकाईने म्हणजे खोट काढायला. बायकोच्या हाताला तो बांधून त्यांनी तिला तीनदा जिना चढायला लावला.

“सांग आता. टोचतं ना? चीड येते ना?”

तिने धापा टाकत मनगटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “अहो, हा तर तुमचा हात!”

“काहीतरीच काय!”

“माझ्या भावाने गाडी घेतली तेव्हा त्याला असंच थोपटलं होतंत. पहिल्या दोन थापा लोकांसाठी. मग दम घेऊन तिसरी, ती स्वतःसाठी. बिचारा आठवडाभर पालथा झोपत होता.”

“माझा हात जड आहे म्हणतेस?”

“हात हलकाच आहे हो. मन जड आहे.”

मनाचा भाग दादांनी सोडून दिला, हाताचा तेवढा धरला. सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या त्यांनी पट्टा मॅडमपुढे आपटला. “ही थरथर माझी आहे! हा हात माझा आहे!”

“हो तर!” भांडणाची संधीही न देता हसरा म्हणाला. “खिडकी मिळाली त्या दिवशी चाचणीसाठी माझ्या अंगात स्पर्श टिपणारं सेन्सरचं जाकीट होतं. दादांनी इतक्या मायेने थोपटलं, ते जसंच्या तसं पट्ट्यात उतरलं. कालच सांगणार होतो, तर दादा पट्टा घेऊन पळाले.”

“मग नाव दादांचं,” मॅडम म्हणाल्या. “पण महिनाभर पावलांचा नेम पाळणाऱ्यासाठी याहून मोठी शाबासकी हवी, आणि ती त्याच हाताची हवी. नाही जमली तर दुसरा हात शोधू, मग नावही त्याचंच.”

हसऱ्याने जाकीट चढवलं. दादांनी हात उचलला. नाव आपलं झालेलं, स्पर्धा संपलेली. त्यांनी मोकळ्या मनाने तीन थापा दिल्या.

“गादी झटकल्यासारखं वाटतंय,” जाकिटाला जोडलेला पट्टा बांधून बसलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

बारा वेळा केलं, बारा वेळा गादीच. महिन्याभरात प्रथमच दादांच्या मनात हसऱ्याबद्दल काहीही नव्हतं, आणि तेच हातात उतरत होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दादांना घाम फुटला.

तेवढ्यात हसऱ्याने मान वळवली. “दादा, एक सांगायचं राहिलं. मॅडम बढती मिळून वरच्या मजल्यावर चालल्यात ना, त्यांच्या जागी मला नेमलंय.”

“वा!” दादा म्हणाले. “वा वा! अभिनंदन!”

थप, थप. दम. थप्प! खिडकीची काच हलली. पट्ट्याने मनगट हादरताच मास्तरीणबाईंना हुंदका फुटला. “जाऊबाई!”

“हीच! हीच!” मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

हसऱ्याने पाठ चोळत दादांच्या कानाशी तोंड नेलं. “गंमत केली हो दादा. तुमचा हात यावा म्हणून म्हणालो, मनावर घेऊ नका.”

दादांचा जीव भांड्यात पडला. असल्या गुणी पोरावर आपण जळत होतो! पश्चात्तापाने ते त्याला मिठीच मारणार होते, तोच मॅडम भुवया उंचावून हसऱ्याकडे वळल्या.

“पण काय रे, हे तुला कुणी सांगितलं? नेमणुकीचं पत्र तर सोमवारी निघणार होतं.”

हसऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. दादांचा हात आपोआप वर गेला. जाकीट अजून अंगातच होतं.

“मॅडम,” डोळे पुसत मास्तरीणबाई म्हणाल्या, “नोंद चालू ठेवा. वर्षभराचा नेम पाळणाऱ्यांसाठीही एक लागेलच ना?”