शंकरअण्णांची सात बटणं

आमचे शंकरअण्णा संगणकाच्या पडद्याला शाळेतली लाकडी पट्टी लावून बटणं मोजतात. एखादं बटण केसभर जरी मोठं निघालं, तरी त्यांना जेवण जात नाही.

ते बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. घराणं शेकडो वर्षांपूर्वी इथं आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की मी पुण्याहून आले तेव्हा मला निम्मंच कळायचं. निवृत्तीनंतर त्यांनी नवख्यांसाठी एक वेबसाइट काढली. संगणक ज्यांच्यावर चालतो अशा, फुकट मिळणाऱ्या सात ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम तिथून डाउनलोड करता येतात, प्रत्येकीला एक बटण. अण्णांचं म्हणणं, नवखा माणूस डोळे मिटून पहिलंच बटण दाबतो, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून रोज सकाळी आंघोळ करून ते डब्यातून चिठ्ठ्या काढतात आणि त्या क्रमानं सात नावं लावतात. हे काम संगणक आपोआप करेल, असं मी एकदा सुचवलं. तर म्हणे, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

'सर्वात सोपी' असं लिहायला तिथं बंदी आहे, कारण सातही जणी तेच सांगतात. त्याऐवजी प्रत्येकीचा एक गुण आणि एक खोड. 'दिसायला देखणी, पण प्रिंटरशी पटत नाही.' अहो, मुलीचं स्थळ सुचवतानासुद्धा कोणी इतकं खरं बोलत नाही!

गेल्या महिन्यात माझा जुना लॅपटॉप रडायला लागला. मी वर गेले आणि म्हटलं, अण्णा, एक नाव सांगा. त्यांनी तासभर चौकशी केली, कॉफी पाजली आणि तीन नावं सांगितली. माझं डोकंच फिरलं. निदान तुम्ही स्वतः कुठली वापरता ते तरी सांगा, म्हटलं.

"ते सांगितलं की ढकलल्यासारखं होतंय की," अण्णा म्हणाले. "पक्षपात नको."

मग मीही हट्टाला पेटले. त्या दिवशी तळाला आलेल्या नावापुढे लिहिलं होतं, 'मराठी गोड, पण बनवणारी आता नाही, दुरुस्त्या येणार नाहीत.' बनवणारी म्हणजे सुधाक्का, अण्णांची बायको. त्या जाऊन तीन वर्षं झाली होती. हीच घेते, मी जाहीर केलं.

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. ती आजवर कोणीच घेतली नव्हती. पण लगेच त्यांनी मान हलवली.

"नको. तुम्ही बँकेची कामं करता त्याच्यावर. ही आता सुरक्षित नाही. त्या तिघींतली एक घ्या."

मला फार वाईट वाटलं, पण ऐकलं. बघायला तरी द्या, म्हटलं. त्यांनी आपला संगणक सुरू केला. पडद्यावर सुधाक्कांनी लिहिलेली अक्षरं उमटली, 'स्वल्प थांबा हं, मी येतेच.' आणि ती तशीच राहिली. चांगली पाच मिनिटं. अण्णा मांडीवर हात ठेवून बघत बसले होते. मला काही राहवेना. मेमरी वाढवून आणते, चटकन उघडेल, असं मी म्हणाले.

"नको," अण्णा म्हणाले. "लवकर उघडलं की तिचं बोलणंही लवकर संपतंय."