कोरा अंगठा

आमच्या दापोडीच्या गल्लीतले सोपान मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करतात, मगच बसतात. समोरचे तात्या वारले तेव्हाही त्यांनी प्रेतामागची भिंत वाजवली आणि "गिलावा पोकळ हाय" असं विधवेला सांगूनच बाहेर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणपती बसायच्या आत तो गिलावा खाली आला, ही गोष्ट वेगळी.

तीस वर्षं त्यांनी चाकणच्या कारखान्यांना गिलावा केला. आता गवंडीकामाची परीक्षा देऊन मिळणारं सर्टिफिकेट नसेल तर गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. घरी बायको शांताबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. काम थांबलं की औषध थांबणार. मिस्त्र्यांना वाचता येत नाही म्हणून परीक्षेला मी सोबत गेलो.

परीक्षा घेणारा पंचविशीचा असेल. म्हणाला, "सिमेंट एक पाटी, तर वाळू किती?"

"कंची वाळू?"

"काका, फक्त आकडा सांगा."

"वाळू हातात घेतल्याबिगर कसा सांगू?"

मी त्या पोराच्या मागून चार बोटं दाखवली. मिस्त्र्यांनी "चार" म्हटलं, तेही शिवी दिल्यासारखं.

मग नोंदीसाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा होता. यंत्र काही घेईना. दहाही बोटं झाली. सिमेंटनं सगळ्या रेषा खाल्ल्या होत्या.

"महिनाभर सिमेंटला हात लावू नका, रेषा परत येतील," तो पोरगा म्हणाला.

"म्हंजी मला काम येतं हे कळाया मी काम सोडायचं?"

"वरून नियमच तसा आलाय, काका."

मिस्त्री महिनाभर घरी बसले. गल्लीतली एकूण एक भिंत वाजवून झाली, लोक त्यांना पाहून दारं लावून घेऊ लागले. औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून पुरवल्या. महिन्यानं यंत्रानं अंगठा घेतला आणि सर्टिफिकेट मिळालं.

रविवारी मी पेढे घेऊन गेलो. शांताबाई कुशीवर होत्या आणि मिस्त्री त्यांच्या पाठीला तेल चोळत होते. हे काम रोज माझी बायको करायची, कारण मिस्त्र्यांच्या हातानं शांताबाईंची पाठ सोलून निघायची. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. इतक्या निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पेढे तितं ठेवा, भाऊ," मिस्त्री हात न थांबवता म्हणाले. "उद्यापास्नं कामावर जातो. आठ दिसांत हात व्हता तसा व्हईल. वैनींना म्हणावं, पुढल्या रविवारपास्नं परत या."