श्यामरावांनी सोडलेली वस्तू

शेजारच्या यमुनाबाईंची दाढ काढली त्याच संध्याकाळी श्यामराव त्यांच्या समाचाराला गेले आणि तिथेच सगळं बिघडलं. गालाला फडकं बांधून बसलेल्या यमुनाबाईंकडे बघून ते म्हणाले, "कानावर आलं होतं, पण म्हटलं, दंतकथा असेल. खरीच निघाली की!"

यमुनाबाई हसल्या. इतक्या हसल्या, की हिरडीचा टाका उसवला आणि भर पावसात रिक्षा करून त्यांना पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून श्यामरावांना कोट्या करण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. समोरच्याच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, की ते तो झेलून, उलटा करून परत देत. त्यांची बायको हेमाताई अगदी उलट. उपासतापास, वाती, पोथी यांत रमलेल्या. बोलणं असं मृदू, की ते देवाला ऐकू जाई आणि श्यामरावांना जात नसे.

पण त्या दिवशी त्यांना ऐकू गेलं.

"चातुर्मास लागतोय. यंदा काहीतरी सोडा."

"सोडतो की दरवर्षी. कांदा, वांगी..."

"त्यांनी कधी कुणाचा टाका उसवला नाही. कोट्या सोडा."

मुलगी वैदेही लगेच आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "बाबा, प्लीज. दसरा झाला की यज्ञेशचे बाबा यायचेत पावसहून. तो म्हणतो, आमचे बाबा जरा वेगळे आहेत. म्हणजे नक्की कडक असणार. तुम्ही त्यांच्यापुढे काहीतरी बोलाल आणि माझं लग्न मोडेल."

लेकीचा आवाज कापरा झालेला ऐकून श्यामराव विरघळले. आषाढी एकादशीला त्यांनी तुळशीपुढे हातावर पाणी घेतलं आणि कार्तिकी द्वादशीपर्यंत कोटी न करण्याचा संकल्प सोडला.

"आणि हे कुणाला सांगायचं नाही हं," हेमाताई म्हणाल्या. "नेम बोलून दाखवला, की पुण्य जातं."

आषाढ कसाबसा गेला. श्रावणात श्यामरावांचं वजन घटलं. गौरी-गणपती गेल्यावर मिरकरवाड्याची मैना कोळीण टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"भाऊ, पापलेट बघा कसा चकचकतोय! श्रावणात पाप म्हणालात, गणपतीत नको म्हणालात. आता तरी घ्या, नायतर म्हणाल मैना लेट आली!"

पाप आणि लेट, दोन्ही शब्द मैनेने आपण होऊन पायरीवर आणून ठेवले होते. नुसते जोडायचे बाकी होते. श्यामरावांनी तोंडात पंच्याचा बोळा कोंबला. कोटी आत गेली, पण जिरली नाही. तिची उचकी झाली.

तेव्हापासून तो रोगच जडला. कोटी गिळली की उचकी. यमुनाबाईंनी ओवा दिला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "कोण एवढी आठवण काढतंय हो?" जो तो विचारी. श्यामराव नुसते आकाशाकडे बघत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी यज्ञेश आणि त्याचे बाबा आले. भिकाजीभाऊ आंब्याचे मोठे बागायतदार, झुपकेदार मिशांचे. आल्या आल्या त्यांनी आंबावडीचा डबा पुढे केला आणि गडगडाटी आवाजात म्हणाले, "घ्या! नाव हापूस, पण भाव नका पुसू!"

वैदेहीने चमकून यज्ञेशकडे पाहिलं. यज्ञेशने ओशाळून मान खाली घातली. ‘जरा वेगळे’ म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं.

श्यामरावांच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तोलाचा माणूस भेटला होता आणि तोही व्याही म्हणून! त्यांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं, तर नेम गेलाच होता.

"हिक्!"

भिकाजीभाऊंनी कोकम सरबताचा घोट घेतला. "वा! नाव कोकम, पण चवीला काही कम नाही!"

"हिक्! हिक्!"

कुणीच हसेना. हसलो तर बाबा सुटतील, या भीतीने वैदेही गप्प. भिकाजीभाऊंच्या मिशा हळूहळू खाली आल्या. त्यांनी मुलाकडे झुकून अंगठा ओठांशी नेला. कुजबुजणं त्यांना जमत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

"हे सकाळी सकाळी घेतात काय रे?"

"नाही हो!" वैदेही कळवळली.

"मग आमचा कंटाळा आलेला दिसतोय. ऊठ, यज्ञेश. मघापासून शब्दांचे एवढे वार केले, यांना एक लागला नाही. अशा सुतकी घराशी सोयरीक नको."

भिकाजीभाऊ उठले. वैदेहीचे डोळे भरून आले. श्यामरावांनी केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. नेम सांगावा तर पुण्य जाणार, न सांगावा तर जावई.

हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पुढे आल्या आणि ताटली भिकाजीभाऊंच्या समोर धरली. गरम घावन आणि वाटीत नारळाचा रस.

"वार लागेल कसा, भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे घाव-न."

मग भिकाजीभाऊ असे हसले, की कोपऱ्यातलं मांजर खिडकीतून बाहेर पडलं. "घाव न! वहिनी, मेलो! यज्ञेश, बस. तारीख काढूनच उठायचं!"

श्यामरावांची उचकी थांबली होती. धक्का बसला, की उचकी थांबते म्हणतात. तीस वर्षांच्या संसारात इतका मोठा धक्का त्यांना बसला नव्हता.

कार्तिकी द्वादशीला बाळाभटजी उद्यापनाला आले. श्यामराव पहाटेपासून आंघोळ करून तयार होते. चार महिन्यांचा माल पोटात तुंबला होता.

"काय सोडलं होतंत? ती वस्तू आधी दान द्यायची, मग आपण घ्यायची."

श्यामरावांनी सांगितलं. भटजी दोन पावलं मागे सरकले. "मला नकोत. मला लोकांच्या घरी श्राद्धंही सांगावी लागतात. सुवासिनीला द्या, चालतं."

हेमाताईंनी मुकाट्याने पदर सावरून ओंजळ पुढे केली. श्यामरावांनी घाईघाईने पाणी सोडलं, वर तुळशीपत्र ठेवलं. "माझ्या सगळ्या कोट्या. न मम."

"झालं? आता मी मोकळा?"

"छे!" भटजी म्हणाले. "वांग्यांचं निराळं. दोन दान देतात, बाजारात उरतात. तुम्ही सगळ्याच म्हणालात, वर न मम म्हणालात. आता तुमचं काय राहिलं?"

श्यामराव पाटावर बसून राहिले. हेमाताईंनी पान वाढलं. चार महिन्यांनी वांग्याचं भरीत झालं होतं. पहिला डाव वाढून झाल्यावर त्यांनी दुसरा उचलला आणि देवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"घ्या अजून. भरितास भर."

श्यामरावांना उचकी लागली.

"पाणी प्या," हेमाताई म्हणाल्या. "कुणीतरी आठवण काढतंय."